प्रस्तावितराव

भिवंडी तालुक्यातल्या काल्हेरच्या कुठल्याही कॉम्प्लेक्समध्ये शिरा. गेटापाशी वॉचमनच्या खुर्चीत एक गृहस्थ बसलेले असतात आणि वॉचमन शेजारी उभा असतो. नाव काहीही असो, सोसायटी त्यांना पाठीमागे ‘प्रस्तावितराव’ म्हणते. त्यांचा वन-बीएचके विकायला काढलेला आहे. काढला तेव्हा मुलगा दहावीत होता. आता त्याचं लग्न झालंय. सौदा टोकनपर्यंत आला की नेमका पेपरात नवा रस्ता येतो, आणि प्रस्तावितराव भाव वाढवून बसतात.

18 डिसेंबर 2018 ला पंतप्रधानांनी कल्याणात ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन केलं. जवळजवळ 25 किलोमीटरचा मार्ग आणि त्यात काल्हेरला स्वतःचं स्टेशन! त्या संध्याकाळी दोन लाख वाढले. पुढे कोलशेत-काल्हेर खाडीपुलाची बातमी आली. आणखी एक लाख. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातल्या आमण्यापर्यंत येऊन पूर्ण झाला, तेव्हा तर त्यांनी पेढे वाटले. “नागपूर दारात आलं!” नागपुरात त्यांचं कोणी नाही.

गिऱ्हाईक ते रविवारी सकाळी अकरालाच बोलावतात. थेट गॅलरीत नेतात.

“तो पत्र्याचा गोडाऊन दिसतोय?”

“हो.”

“तो बघू नका. त्याच्या पलीकडे खाडी. खाडीवर पूल. पुलावरून उतरलात की कोलशेत. दहा मिनिटांत ठाणे!”

गिऱ्हाईक मान उंचावून बघतं. तिथे एक कंटेनर बराच वेळ रिव्हर्स घेत असतो.

मग मोबाइल निघतो. भिवंडीभोवतालच्या 60 गावांचं नियोजन एमएमआरडीएकडे गेल्यापासूनचे सगळे नकाशे त्यात आहेत; नातवाचे फोटो मात्र जागा नाही म्हणून डिलीट झालेत. नकाशात विकास आराखड्यातला एक रस्ता, म्हणजे डीपी रोड, त्यांच्या इमारतीजवळून जातो. किती जवळून, हे समोरच्यावर अवलंबून. गाडीवाला आला तर अगदी गेटाला लागून. म्हातारी आई बरोबर घेऊन आला तर चांगला लांबून, हॉर्नसुद्धा ऐकू येणार नाही. “आणि कंपाउंडमधूनच गेला तर?” आतून वहिनींचा आवाज येतो. “मोबदला!” प्रस्तावितराव गर्जतात. पण गिऱ्हाईक गेल्यावर हळूच नगररचना कायद्याचं कलम 127 काढतात: आराखडा मंजूर होऊन दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालकाने नोटीस द्यायची, तरीही 24 महिन्यांत हालचाल झाली नाही, तर आरक्षण सुटतं. हे कलम फक्त स्वतःच्या कंपाउंडसाठी. समोरच्या सोसायटीची भिंत जाणार असेल तर “विकासाच्या आड येऊ नये माणसाने.”

माणूस लबाड आहे असं मात्र मला वाटत नाही. कापूरबावडीहून निघून बाळकुम, कशेळीचा पूल, पुढे गोडाऊनच्या ट्रकांची रांग आणि मधोमध मेट्रोचे खांब, असा ज्याचा रोजचा जन्म बसमध्ये जातो, त्याने येणाऱ्या रस्त्यावर श्रद्धा नाही ठेवायची तर कशावर ठेवायची?

त्यांचं खरं रूप दिसलं, ते स्वतः घर घ्यायला निघाले तेव्हा. पडघ्याकडे कुणीतरी स्वस्तात फ्लॅट दाखवत होता. मला सोबत नेलं. तिथला एजंट गॅलरीत नेऊन म्हणाला, “समोरून मोठा रस्ता येतोय.” प्रस्तावितराव जागच्या जागी बदलले. “येतोय म्हणजे? आलाय का? मग आला की पैसे देईन.” मग प्रश्नांचा भडिमार. झोन दाखला कुठाय? डीपी रोडची रेषा नेमकी कुठून, मोजणी करून दाखवा. परवानगी नियोजन प्राधिकरणाची की नुसती ग्रामपंचायतीची? महारेरा नंबर? सातबारावर बोजा? ग्रामपंचायत घरपट्टी घेते म्हणून इमारत अधिकृत होत नाही, हे त्यांनी एजंटला असं सुनावलं की तो बिचारा पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही. खरंच आहे ते. आमच्या या पट्ट्यात नुसत्या पंचायतीच्या कागदावर उभ्या राहिलेल्या इमारती थोड्या नाहीत, आणि हातोडा आला की घरपट्टीची पावती कोणी बघत नाही.

परतताना रिक्षात मी विचारलं, “हेच प्रश्न उद्या तुमच्या गिऱ्हाइकाने तुम्हाला विचारले तर?”

“तो इतका शहाणा असेल,” ते म्हणाले, “तर काल्हेरचं भविष्य त्याला आपोआप कळेल. मी भाव एक लाखाने वाढवीन.”

तेव्हा इकडे घर बघायला येणार असाल, तर प्रस्तावितरावांचे पडघ्यातले प्रश्न कागदावर लिहून आणा. आणि रविवारी सकाळी अकराला येऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला, ठाण्याहून बसने या.