आमचे साडू आणि अंतराळातला पांचटपणा

आमचे साडू न्यू जर्सीत असतात. औषधांच्या कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आहेत, घराला तळघर आहे, तळघरात मोठा पडदा आहे, आणि त्या पडद्यावर काय पाहायचं आणि काय पाहायचं नाही याचे त्यांचे नियम सोवळ्याओवळ्याहून कडक आहेत. समोरचा माणूस 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली मालिका बघतो असं कळलं की ते खूश होत नाहीत. ते आधी चौकशी करतात, "एपिसोड कुठले आवडतात?" स्थळ पाहायला आलेल्यांनी गोत्र विचारावं तसा हा प्रश्न असतो. उत्तर 'सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर' असं आलं तर चहा येतो. 'ट्रिबल्स' असं आलं तरीही चहा येतो, पण मेहुणी आणते. साडू मान वळवून बसलेले असतात.

गंभीर ट्रेकप्रेमी नावाची ही जात जगात सगळीकडे सापडते. वय साधारण पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. बोलण्यात 'वैचारिक' हा शब्द फार. विनोदाला त्यांचा विरोध नसतो, असं ते स्वतः सांगतात. विनोद शेवटच्या एका मिनिटात, अंतराळजहाजाच्या ब्रिजवर, डॉक्टर मॅकॉयनं टोकदार कानांच्या स्पॉकला टोमणा मारण्यापुरता असावा. तेवढा पुरे.

या कडकपणाचं मूळ साताऱ्यात आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' लागायची. साडू शाळकरी. वडील पेपर घेऊन मागून जाताना थांबले, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्या माणसाच्या कानांना काय झालंय?" पोरगा म्हणाला, "बाबा, हे विज्ञान आहे." वडील "बरं" म्हणून अंघोळीला गेले. साडू अजून त्या 'बरं'ला उत्तर देताहेत.

प्रत्येक गंभीर भक्ताला एक पांचटवादी लागतोच. साडूंना तो सोलापूरचा मिळाला आहे. कॉलेजातला मित्र, आता विमा कंपनीत ॲक्चुअरी, म्हणजे माणसं कधी मरतील याचे तक्ते करणं हा व्यवसाय. शनिवारी संध्याकाळी तो येतो आणि तळघराच्या पायऱ्या उतरतानाच सुरू होतो, "काय बे, आज पण रडायचंय का?"

आता तुम्हाला वाटेल, हा मोकळाढाकळा गमत्या माणूस असेल. मलाही वाटलं होतं. पण पांचट एपिसोडवर प्रेम करणाऱ्याइतका गंभीर प्राणी मी दुसरा पाहिला नाही. डेव्हिड गेरॉल्ड या कोवळ्या लेखकानं लिहिलेला 'द ट्रबल विथ ट्रिबल्स' 29 डिसेंबर 1967 ला दाखवला गेला. गुरगुरणारे केसाळ गोळे; खातात आणि वितात, दुसरा उद्योग नाही. कॅप्टन कर्क धान्याच्या कोठाराचं दार उघडतो आणि गळ्याइतका त्यांच्यात बुडतो. स्पॉक तिथल्या तिथे आकडा सांगतो : 17,71,561. आपण हसतो आणि पुढे जातो. सोलापूरकर पुढे जात नाही. एक ट्रिबल, एका वेळी दहा पिल्लं, बारा तासांनी नवी पिढी, तीन दिवस, म्हणजे अकराचा सहावा घात. हिशेब बरोबर आहे. "पण मृत्युदर शून्य धरलाय बे त्यानं! धान्यात विष होतं, समोर मेलेली पडलीत, आणि हा शून्य धरतो!" हे सांगताना त्याचा आवाज कापतो. समोर साडू शांतपणे दाणे खात असतात. हसण्यासारखं त्या खोलीत कुणालाच काही दिसत नाही.

साडूंचं मुख्य हत्यार म्हणजे 1968 चा ह्यूगो पुरस्कार. त्या वर्षी नाट्यविभागातली पाचही नामांकनं 'स्टार ट्रेक'च्याच भागांना होती आणि जिंकला 'सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर'. त्यात कर्कला, इतिहास ठिकाणावर राहावा म्हणून, आपल्या प्रेमातली बाई गाडीखाली येताना नुसतं बघत उभं राहावं लागतं. "हे साहित्य आहे," साडू म्हणतात. सोलापूरकर म्हणतो, "पाचांत ट्रिबल्स पण होते." साडू म्हणतात, "होते. हरले." मग सोलापूरकर 'थ्रेशोल्ड' काढतो.

'थ्रेशोल्ड' हे साडूंच्या घरात न काढायचं नाव आहे. 'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर' मालिकेतला 1996 चा भाग. एक वैमानिक वेगाची कमाल मर्यादा ओलांडतो, त्यामुळे त्याची उत्क्रांती भलतीकडे धावते, तो कॅप्टनबाईंना पळवतो, दोघांचे सॅलमँडर होतात, चिखलात पिल्लं होतात, आणि शेवटी डॉक्टर दोघांना बरं करून कामावर रुजू करतो. पिल्लं तिथेच. साडूंची अधिकृत भूमिका अशी की हा एपिसोड घडलेलाच नाही. "मग त्याला एमी कसं मिळालं बे?" मिळालंय. मेकअपचं. अशा वेळी साडू उठून थर्मोस्टॅट बघायला जातात.

मला स्वतःला या वादात जीन कून हा लेखक सगळ्यात आवडतो, कारण त्यानं दोघांचीही पंचाईत करून ठेवली आहे. 'डेव्हिल इन द डार्क' त्याचा. खाणीत कामगार मरताहेत, मारणारा दगडाचा राक्षस आहे, आणि शेवटी कळतं की ती एक आई आहे, आणि कामगार नकळत तिची अंडी फोडताहेत. साडूंच्या मते टीव्हीवर याहून उदात्त काही झालं नाही. आणि 'स्पॉक्स ब्रेन'? एक बाई स्पॉकचा मेंदू चोरून नेते, मॅकॉय उरलेलं धड रिमोटनं चालवत फिरवतो, आणि मेंदू परत बसवताना स्पॉक स्वतःच मध्येच बोलायला लागून डॉक्टरला सूचना देतो. हाही जीन कूनचाच. फक्त टोपणनावानं लिहिलेला. साडू म्हणतात, टोपणनाव घेतलं यातच सगळं आलं. सोलापूरकर म्हणतो, पोटापाण्याला लिहिणारा माणूस सोमवारी एक लिहितो, गुरुवारी दुसरं. या एका बाबतीत मी सोलापूरकराच्या बाजूचा आहे. वर्षाला पंचवीस-सव्वीस भाग काढायचे तर दर आठवड्याला माणुसकीचा आक्रोश कुठून आणणार? 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या मालिकेत एप्रिल 1998 मध्ये कॅप्टन सिस्को युद्ध जिंकण्यासाठी खोटे पुरावे रचतो, त्यापायी माणसं मरतात, आणि तो ते पचवायला शिकतो. त्याच वर्षी ऑक्टोबरात तोच सिस्को, युद्ध चालू असताना, स्पॉकच्याच कुळातल्या व्हल्कन लोकांशी बेसबॉलचा सामना घेतो आणि 10-1 असा हरतो. मला दोन्ही पटतात. पण मला कोण विचारतो! मी साडू.

गेल्या उन्हाळ्यात साडूंच्या मातोश्री साताऱ्याहून आल्या होत्या. योग असा की त्या तळघरात उतरल्या तेव्हा पडद्यावर नेमकी ती दगडाची आई होती. म्हणजे रबराच्या सोंगात शिरून जमिनीवर सरपटणारा माणूस. साडूंचे डोळे भरलेले.

"ही गोधडी कोण ओढतंय रे?" मातोश्री म्हणाल्या.

सोलापूरकर हसून सोफ्यावरून खाली आला. साडूंनी सगळी कथा सांगितली : सिलिकॉनचं जीवन, अंडी, गैरसमज. मातोश्रींनी ती नीट ऐकून घेतली. "मग आधी विचारायचं नाही का तिला?" एवढंच म्हणाल्या. पुढचे दोन दिवस साडू ज्याला त्याला सांगत होते की आईला एपिसोडचा गाभा कळला.

पुढच्या शनिवारी सोलापूरकरानं डाव साधला. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' या अलीकडच्या 'स्टार ट्रेक' मालिकेतला 2023 चा गाण्यांचा एपिसोड लावला. अवकाशातल्या कसल्याशा भेगेमुळे जहाजावरचे सगळे मनातलं गाऊन सांगायला लागतात. साडूंचा त्यावर जुना राग : हंगामात भागच दहा, त्यातला एक गाण्यात घालवला. सोलापूरकर मात्र मातोश्रींना अदबीनं म्हणाला, "काकू, हे बघा, ह्याला पांचट म्हणतोय हा."

मातोश्री 'सौभद्र' पाहत वाढलेल्या. माणसं बोलता बोलता गायला लागली यात त्यांना नवल वाटण्याचं कारणच नव्हतं. उलट बाकीच्या एपिसोडांत ही माणसं इतका वेळ नुसतंच कसं बोलतात, हा त्यांना प्रश्न होता. "आवाज बरे आहेत. तान मात्र एकालाही घेता येत नाही. कानवाला त्यातल्या त्यात तयारीचा."

हे दोघांनाही झेपेना. गाणं म्हणजे पद नव्हे, त्यामागे भौतिकशास्त्र आहे, असं साडू सांगू लागले. क्वांटम, संभाव्यता, शेजारचं विश्व. गेली दोन वर्षं ज्या एपिसोडला ते शिव्या देत होते त्याची बाजू ते मांडत होते, आणि आश्चर्य म्हणजे सोलापूरकर हातवारे करून त्यांना दुजोरा देत होता. बराच वेळ हे चाललं. मध्ये कागदसुद्धा आला. मातोश्रींनी चष्मा पुसला, साडूंच्या मांडीवरचा रिमोट उचलला आणि म्हणाल्या, "ते असू दे. कपाळावर वळ्या असलेले ते दांडगे नाचतात ना, तेवढं परत लावून दे."

"आई, क्लिंगॉन असे नाचत नाहीत!" साडू ओरडले.

"नाचतात बे," सोलापूरकर म्हणाला. "आता दाखवलं की."