बोर्डो एक टक्का

बोर्डोला जायचं ठरलं तसा मी तयारीला लागलो. बॅगा भरणं वगैरे बायको बघते. मी वाइन प्यायची तयारी केली. दीड महिना रोज रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर बघून पेला दांडीला कसा धरायचा, कसा गरगरवायचा, नाक किती आत घालायचं याचा रियाज केला. पेल्यात कोकम सरबत. शेवटच्या आठवड्यात तर मला कोकमालाही पिकलेल्या चेरीचा आणि ओल्या लाकडाचा वास यायला लागला होता. बायको म्हणाली, तो पेल्याला लागलेल्या साबणाचा आहे.

बरोबर साडू-साळी येणार होते. साडू तासगावचे द्राक्ष बागायतदार. फोनवर त्यांना म्हटलं, "बोर्डोला जाऊ या." पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, "म्हंजे गाव हाय व्हय त्या नावाचं?"

साडूंची अडचण मला नंतर कळली. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 100 लिटर पाणी म्हणजे एक टक्का बोर्डो. पानांवर केवडा रोग पडला की मारायचा. जन्मभर ड्रममध्ये जे निळं पाणी ढवळलं, त्या नावाचं शहर असतं आणि तिथं मेहुणीचा नवरा सुट्टीला बोलावतो, हे पचायला माणसाला वेळ लागणारच. मला सांगली नावाचं औषध आहे असं कुणी सांगितलं असतं, तर मीही तेवढाच गप्प झालो असतो.

पॅरिसहून बोर्डो वेगवान गाडीनं साधारण दोन तासांचं. माझी भाची तुलूझला नोकरीला असते, ती दुभाषी म्हणून येऊन मिळाली. पहिला दिवस शार्त्रों भागात गेला. गारोन नदीकाठची ही जुन्या वाइन-व्यापाऱ्यांची वस्ती. पिंपं इथून जहाजात चढायची. आता तिथं जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. दोघी बहिणी एका पितळी पातेल्यापाशी पाऊण तास उभ्या होत्या आणि तशीच तीन आईनं मोडीत घातल्याबद्दल हळहळत होत्या. त्यावर उतारा म्हणून कॅनेले खाल्ले. बाहेरून करपल्यासारखा दिसणारा, आतून लुसलुशीत, रमच्या वासाचा हा छोटा केक. बायको शाकाहारी. चौथा कॅनेले संपल्यावर भाचीनं माहिती पुरवली : वाइन नितळ करायला पूर्वीपासून अंड्याचा पांढरा भाग वापरतात, आणि उरलेल्या बलकांचं करायचं काय, म्हणून हा केक निघाला अशी इथली दंतकथा आहे. बायकोनं मला विचारलं, "म्हणजे बलक माझ्या पोटात आणि पांढरं तुमच्या?" मी म्हटलं, संसार म्हणतात तो हाच. दिवसभर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सेंत-एमिलियों. बोर्डोहून गाडीनं अर्ध्या-पाऊण तासाचं गाव, पण स्टेशन गावाबाहेर. तिथून वीस मिनिटं द्राक्षबागांमधून चालत जायचं. माझ्या हिशेबानं वीस, साडूंमुळे दीड तास लागला. ते प्रत्येक ओळीपाशी थांबत होते.

"पाव्हणं, ही बाग हाय का मेथीची भाजी?"

वेली कमरेएवढ्या. मांडव नाही, ठिबक नाही. भाचीनं सांगितलं की फळत्या वेलींना पाणी द्यायला इथं सहसा मनाई असते. वेलीनं मुळं खोल घालून स्वतःचं पाणी स्वतः शोधायचं. साडू जागीच थांबले. तासगाव तालुक्यात टँकरनं पाणी आणून बाग जगवलेला माणूस तो. वर एकरी माल अडीच-तीन टन, आणि तोही मुद्दाम कमी ठेवलेला, हे ऐकल्यावर ते हलक्या आवाजात म्हणाले, "कर्ज किती आसंल ह्यांच्यावर?"

मग एका ओळीच्या टोकाला गुलाबाचं झाड दिसलं. मी लगेच सौंदर्यदृष्टीवर बोलायला लागलो. "सौंदर्य कुठलं," साडू म्हणाले, "भुरी आदी गुलाबावर दिसती. राखण्या हाय त्यो." आणि पुढच्याच ओळीत ते खाली वाकले. पानांवर निळसर-पांढरे ठिपके होते. हात न लावता, विठ्ठलाच्या पायाकडे बघावं तसं बघत त्यांनी जाहीर केलं, "बोर्डो मारलाय!"

या बोर्डोचा शोध चोरांमुळे लागला. 1878 च्या सुमारास केवडा अमेरिकेतून फ्रान्सात आला. त्याच्या आधी फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड आली होती आणि तिला दाद न देणारे अमेरिकन खुंट मागवायचं चाललं होतं. त्यांच्याबरोबर हा रोग आला. 1882 साली मेडोक भागात मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला दिसलं की सगळीकडे पानं गळालीत, पण रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत. येणाजाणाऱ्यांनी घड तोडू नयेत म्हणून मालकानं त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडला होता, माल विषारी दिसावा म्हणून. 1885 मध्ये मिलार्देनं कृती छापली. साडूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खुंट कुठला म्हणालासा? आमचा डॉगरीज बी अमेरिकेचाच."

गावात पोचेपर्यंत सव्वादोन. इथली स्वयंपाकघरं दोनला बंद होतात. तीन ठिकाणी मान हलवून नकार मिळाला, तोही इतक्या गोडीनं की आपणच काहीतरी अभद्र मागितलं असं वाटावं. शेवटी चर्चबाहेरच्या कठड्यावर बसून साळीबाईंनी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली.

ते चर्च अख्खं एका चुनखडकात कोरलेलं आहे. साधारण नऊशे वर्षांपूर्वीचं काम. मराठी माणूस आत शिरून वर बघतो आणि जे म्हणायचं तेच म्हणतो : "आपलं वेरूळ बघितलंय ना?" आम्ही चौघांनी ते चार वेळा म्हटलं. शेजारी आठव्या शतकातल्या एमिलियों नावाच्या साधूची गुहा आहे. आत दगडात कोरलेलं एक आसन. उतारावरच्या गोट्यांनी साळीबाईंच्या गुडघ्यांचा जीव घेतला होता. त्या "बाई गं" म्हणत त्यावर टेकल्या. गाइडनं हसून काहीतरी सांगितलं. भाचीनं भाषांतर केलं : इथं बसणाऱ्या बाईला मूल होतं अशी श्रद्धा आहे. अठ्ठावन्न वर्षांची बाई इतक्या चपळाईनं उठलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

चार वाजता वाइन चाखायची वेळ ठरली होती. माझा क्षण. तळघर, पिंपांच्या रांगा आणि समोर तिशीतली मालकीणबाई. मी पेला दांडीला धरला, गरगरवला, आणि मेर्लो वाइनची अर्धी मात्रा माझ्या पांढऱ्या शर्टावर आली. कोकम सरबताला तेवढा वेग चालत होता. मी उरलेल्याचा वास घेऊन "चेरी" म्हणालो. बाई सौजन्यानं "अं" म्हणाल्या.

साडूंनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "तोडताना ब्रिक्स किती व्हता?"

भाचीला भाषांतर करावंच लागलं नाही. ब्रिक्स म्हणजे रसातली साखर, हा शब्द बाईंनाही ठाऊक होता. बाईंचा चेहरा उजळला. तेवीस-चोवीस. "आमाला बेदाण्याला बावीसच्या वर लागतोय," साडू म्हणाले. मग छाटणी निघाली. त्यांची वर्षातून एक, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. साडूंनी बोटांवर मोजून दाखवलं : खरड छाटणी एप्रिलमध्ये, फळ छाटणी ऑक्टोबरमध्ये. आमच्याकडे वेलीला झोप नाही हे ऐकून बाई हळहळल्या. मग त्यांनी आपलं दुखणं काढलं. सेंत-एमिलियोंच्या बागांची प्रतवारी 1955 पासून होते आणि दर दहा वर्षांनी नव्यानं लावतात. वरची प्रत मिळाली की जमिनीचा भाव वाढतो, गेली की माणूस कोर्टात. 2006 ची यादी तर कोर्टबाजीत रद्दच झाली. साडू प्रथमच घरी आल्यासारखे सैलावून बसले. बांधाच्या भांडणात त्यांची तिसरी पिढी आहे.

निघताना त्यांनी खिशातून घरच्या बेदाण्याची पुडी काढून बाईंपुढे धरली. बाईंनी एक दाणा उचलला, वास घेतला, डोळे मिटून सावकाश चावला. आम्ही श्वास रोखून उभे. भाची भाषांतर करत होती : "मध... सुकं जर्दाळू... आणि मागं अगदी थोडा गंधक."

साडूंनी माझ्याकडे बघितलं. "धुरी दिल्याली वळाकली बघा!"

शर्टाचा डाग तीन धुण्यांनंतरही गेला नाही. वाइनची बाटली विकत आणली आहे, ती तासगावला साडूंच्या औषधांच्या कपाटात ठेवली आहे, मोरचुदाच्या पोत्याशेजारी. वरच्या लेबलावर 'बोर्डो' असं ठळक छापलंय. गड्याला मात्र स्पष्ट ताकीद दिलेली आहे की हा मारायचा नाही.