तिथीकाका

लग्नात जिलेबीच्या रांगेत उभं असताना "तुझ्या पणजोबांची तिथी कोणती रे?" असं विचारणारा माणूस तुमच्याही नात्यात असणारच. तुमच्याकडे तो मामा असेल, आमच्याकडे काका आहेत. पाटबंधारे खात्यात जन्मभर ऑडिट केलं, निवृत्त झाले आणि धरणं हातची गेल्यावर त्यांनी पितर तपासायला घेतले. खांद्यावर शबनम, शबनममध्ये दाते पंचांग आणि एक लांबट निळी वही. वहीत आमच्या सगळ्या गोतावळ्यातले मेलेले लोक ओळीने बसलेले. जिवंतांना वहीत जागा नाही. काका आपल्याकडे बघतात ते सुद्धा 'पान राखून ठेवलंय' अशा नजरेने.

तारीख त्यांना चालत नाही. "बाबा चौदा ऑगस्टला गेले," असं सांगितलं की काका डोळे मिटतात. "तारीख पगाराला लागते. तिथी सांग." तिथी सांगितली तरी सुटका नाही. "किती वाजता गेले?" साडेचारला. "साडेचार कोण म्हणतं? दाखला? ती डॉक्टरांच्या सहीची वेळ. त्या दिवशी अष्टमी चार वाजून अठरा मिनिटांनी संपली. श्वास कधी थांबला?" आता वडिलांच्या उशाशी बसून हातातल्या घड्याळाकडे कोण बघत असतं? पण काकांच्या प्रश्नानंतर आपण बघायला हवं होतं असं उगीचच वाटू लागतं.

एकदा आमचे एक मेहुणे अतिदक्षता विभागात होते. काका भेटायला गेले, पाच मिनिटं पेशंटकडे आणि दहा मिनिटं पंचांगाकडे बघून नर्सला म्हणाले, "पंचक उद्या सकाळी संपतंय. तोवर सांभाळा." मेहुण्यांनी ते ऐकलं. आठवड्याभरात ते चालत घरी आले. डॉक्टर औषधांना श्रेय देतात, मेहुणे मात्र सांगतात की या माणसाच्या वहीत जायचं नाही एवढाच निश्चय केला होता. काकांना आनंद झाला, नाही असं नाही. पण पेन्सिलीने लिहिलेलं काहीतरी त्यांनी खोडलं, हे काकूंनी पाहिलं.

न्यू जर्सीहून पुतण्याचा फोन आला. त्याचे सासरे तिकडेच वारले होते. बिचारा रडत होता. काकांनी विचारलं, "तुमच्या घड्याळात किती? उन्हाळ्याची वेळ चालू आहे ना? म्हणजे साडेनऊ तास मिळवायचे." मग आनंदाने सांगितलं, "अरे, तिथी साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी बदलते. घड्याळं ज्याची त्याची. सासरे एकादशीलाच गेले, काळजी करू नकोस." गंमत म्हणजे पुतण्या खरोखरच शांत झाला. सासऱ्यांबद्दल त्या दिवशी त्याला ठामपणे काहीतरी सांगणारा हा एकटाच माणूस होता.

काकूंचा वाढदिवस ते विसरत नाहीत, कारण त्या दिवशी त्यांच्या चुलत आजोबांचं श्राद्ध येतं. "पंचेचाळीस वर्षं मी वाढदिवसाला उडदाचे वडे, अळूची भाजी आणि आमसुलाची चटणी खातेय," काकू सांगतात. केक एकदाच आला. काकांनी आधी कावळ्यासाठी एक तुकडा काढून ठेवला.

अधिक मासात गेलेल्या लोकांवर त्यांचा राग आहे. त्यांचं वर्षश्राद्ध कधी निज महिन्यात, कधी पुन्हा तोच अधिक आला तर अधिकात. "जरा वेळ काळ बघून जायला काय होतं?" असं ते मनापासून म्हणतात. आणि ज्यांची तिथी कोणालाच ठाऊक नाही, त्यांना सर्वपित्री अमावास्येत घालावं लागतं, याचं त्यांना ऑडिटमध्ये 'किरकोळ खर्च' लिहावा लागल्याइतकं दुःख होतं.

अशा माणसाबरोबर गयेला जाऊ नये. पण आमच्या घरात तिघा भावंडांनी एकदम ठरवलं की आई-वडिलांचं गयेला करून यायचं, आणि काका तिकिटं काढण्याआधीच तयार होते. नात्यातलं कोणीही गयेला निघालं की काका बरोबर जातात, स्वतःच्या खर्चाने. याचा खरा ताप काकूंना. गयेला पिंडदानानंतर आवडीचं एक फळ, एक भाजी कायमची सोडायची रीत आहे. लोक बिनधास्त कारलं सोडतात. आमच्या धाकट्याने ड्रॅगन फ्रूट सोडलं, तेही आयुष्यात न चाखता. काका मात्र दर खेपेला प्रामाणिकपणे आवडीचंच सोडतात. फणस गेला, सीताफळ गेलं, भरली वांगी गेली, एका चुलत मेहुणीच्या वडिलांपायी हापूस गेला. "आता घरात दुधी आणि दोडका उरलाय," काकू आम्हाला निरोप देताना म्हणाल्या, "या खेपेला दोडका सोडून या म्हणावं, तो यांना आवडायला लागलाय."

गाडी इगतपुरी ओलांडायच्या आत वही उघडली. "बाप, आजा, पणजा. आई, आजी, पणजी. मग आईकडचे तीन आणि त्यांच्या बायका. बारा नावं. सांग." आम्ही बाप, आजा, पणजा पटापट सांगितले. सातबाऱ्यावर होतेच. आईचं सांगितलं. आजीपाशी गाडी अडली. तिला सगळे माई म्हणत. थोरली म्हणाली लक्ष्मी, मी म्हटलं रमा, धाकटा म्हणाला, "माईच असेल की!" पणजीच्या बाबतीत तर तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं. जिच्या हातची पुरणपोळी घराण्यात आजही मापदंड म्हणून सांगतात, तिला नाव होतं हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांनी पान उलटलं आणि वाचलं, "माहेरची ठकी, सासरची सरस्वती. मार्गशीर्ष वद्य पंचमी." आणि वर आमच्याकडे असं बघितलं, जसं हिशेब न जुळणाऱ्या कारकुनाकडे बघत असतील.

गयेत गयावाल पंड्यांनी आमचं गाव विचारून बही काढली. जाड, लांब, कडा काळवंडलेली. पूर्वी आलेल्या आमच्या कोणा पूर्वजाची त्यात नोंद होती. आमच्या अंगावर काटा आला. काकांच्या अंगावर आला नाही. त्यांनी चष्मा पुसला, वही शेजारी ठेवली आणि दोन्ही ताळे जुळवायला बसले. "इथे एक भाऊ राहिलाय. आणि 'विष्णु' दोनदा आलाय." पंडा म्हणाला, "शुद्ध कर देंगे, बाबूजी." काका म्हणाले, "अभी करो." त्यांनी ते करून घेतलं. मागे तीन बिऱ्हाडं खोळंबली होती.

फल्गूवर काका नाराज झाले. सीतेने दशरथाला वाळूचा पिंड दिला, साक्षीदार उलटले, म्हणून तिने फल्गूला शाप दिला आणि नदी वाळूखालून वाहू लागली, ही कथा त्यांनी गाडीतच तपशीलवार सांगितली होती. वाळू उकरून पाणी काढायचं, असं त्यांनी आम्हाला शिकवून ठेवलं होतं. पण २०२२ साली विष्णुपदापाशी रबरी बंधारा झाला आणि आता घाटाशी पाणी उभं असतं. पाटबंधारे खात्यातला माणूस बंधाऱ्याकडे बराच वेळ बघत राहिला. "काम बरं आहे," त्यांनी शेरा दिला, "पण सीतेला विचारायला हवं होतं." थोरलीने मग भीतभीत विचारलं, पिंड मी दिले तर चालतील का? गुरुजी घुटमळले. काका म्हणाले, "ही जागा सुरूच सुनेच्या हातून झाली. तिला तेव्हा कोणी विचारलं होतं? बस तू." थोरली बसली. साक्षीदार फुटलेल्या प्रकरणात एकटा अक्षयवट खरं बोलला, म्हणून त्याच्यावर काकांचा फार जीव. त्याच्याजवळ गेल्यावर ते वाकून नमस्कार करत नाहीत, सहकाऱ्याला करतात तसा उभ्यानेच करतात.

विष्णुपदाचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली बांधून पूर्ण केलं. काळ्या दगडाच्या त्या मंडपात पाय ठेवताना आम्हाला अभिमान वगैरे वाटला. काकांनी वही उघडून अहिल्याबाईंची तिथी सांगितली. श्रावण वद्य चतुर्दशी. त्याही वहीत होत्या!

आईसाठी गयेत सोळा पिंड वेगळे देतात, मातृषोडशी म्हणतात त्याला. पोटात वाढवण्याचा भार, प्रसूतीच्या कळा, मुलाने भिजवलेल्या अंथरुणात काढलेल्या रात्री, स्वतः उपाशी राहून पाजलेलं दूध, अशा एकेका कष्टासाठी एकेक पिंड. गुरुजी अर्थ सांगत जातात. धाकटा तोवर डाव्या हाताने ऑफिसच्या मेलला उत्तरं देत होता. सहाव्या-सातव्या पिंडाला त्याने मोबाइल बंद करून काकांच्या शबनममध्ये टाकला. काकांनी काही टोमणा मारला नाही. मला वाटतं, आयुष्यात प्रथमच त्यांनी एक संधी सोडली. हापूस सोडण्यापेक्षा हे त्यांना जड गेलं असणार.

आमचं आटोपलं असं आम्हाला वाटलं तेव्हा काकांनी वहीचं शेवटचं पान काढलं. वर लिहिलं होतं 'बाकीचे'. पुण्यात शिकत असताना ज्या बाईंच्या खाणावळीत ते महिन्याचे पैसे थकवून जेवले त्या. त्यांच्या कचेरीतला एक शिपाई, ज्याच्यामागे कोणी नव्हतं. धरणाच्या कामावर कोसळलेल्या दरडीखाली गेलेले तीन मजूर. त्यातल्या एकाचं फक्त पाळण्यातलं नाव. त्या अपघाताचा ऑडिट रिपोर्ट काकांनी लिहिला होता. नुकसानीत सिमेंटची पोती मोजायची असतात, म्हणून त्यांनी ती मोजली होती. नावं तेव्हाच वेगळ्या कागदावर उतरवून घेतली, असं ते म्हणाले. गुरुजींनी विचारलं, गोत्र? काका म्हणाले, "काश्यप." सगळ्यांचं? "ज्याचं ठाऊक नाही त्याचं काश्यप. शास्त्रात सोय आहे." एकेक नाव त्यांनी स्पष्ट, खणखणीत उच्चारलं. तिथी एकाचीही चुकली नाही.

यावरून काका संत आहेत असा समज करून घेऊ नका. परतीच्या प्रवासात त्यांनी वरच्या बर्थवरच्या अनोळखी बिहारी गृहस्थाकडून त्याच्या आजोबांची तिथी काढून घेतली आणि पहाटे तीन वाजता ती चुकीची असल्याचं सिद्ध करायला त्याला उठवलं. त्या खेपेला त्यांनी दोडकाच सोडला.

आता वाड्याची गोष्ट. गावचा वाडा पाडून इमारत बांधायला बिल्डर आला. वारसांची नोंद हवी, नोंदीला वंशावळ हवी. आमचा एक चुलतभाऊ श्राद्धाला थोतांड म्हणतो. भाद्रपदात तो काकांचा फोन उचलत नाही, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काकांना काढलं होतं तेही यानेच. एवढ्यात तो पेढे घेऊन आला. काकांनी तक्रार न करता वंशावळ लिहून दिली. अक्षर मोत्यासारखं. भावाने वाचली आणि त्याचा चेहरा उतरला. "काका, यात आत्या कशाला? तिला इंदूरला दिली होती. तिची नातवंडं उभी राहतील. बायकांची नावं गाळली तरी चालतं, सगळे गाळतात."

"वारसा कायदा १९५६ सालचा," काका म्हणाले. "तिचा बाप गेला त्यानंतर आठ वर्षांनी. वैशाख शुद्ध तृतीया. दुपारी." मग वहीत बोट घालून विचारलं, "तुझे वडील गयेला आले होते माझ्याबरोबर. बहिणीचा पिंड त्यांच्याच हातून पडलाय. भाताचा वाटा दिलात, मग जमिनीचा देताना बहीण कुठे हरवली?"

पेढे काकांनी ठेवून घेतले. ते त्यांनी अजून सोडलेले नाहीत. वाड्याचं काम अडलंय. बिल्डरचा माणूस येतो आणि हरकत नेमकी कोणाची आहे म्हणून विचारतो. भाऊ चिडून सांगतो, "एका बाईची आहे. चाळीस वर्षांपूर्वी वारलीय ती!"