अंबरनाथ, व्हाया लंडन

डोंबिवलीला परदेशाचं वावडं आहे, असं कोणाला वाटत असेल तर त्याने ऑगस्टातल्या एखाद्या रात्री कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी उभं राहावं. इनोव्हा लागलेली असते. डिकीत तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, घरच्या काट्यावर चारदा चढून उतरलेल्या. एकीत कुकर, दुसरीत मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला. औक्षणाचं ताट घेऊन अख्खी बी विंग खाली आलेली असते, कारण मुलगा न्यू जर्सीला डेटा सायन्स शिकायला निघालेला असतो. डेटा सायन्स म्हणजे काय, हे त्या ताटाभोवतीच्या एकालाही सांगता येणार नाही. कोणी विचारतही नाही. सायन्स आहे ना, मग झालं.

आता त्याच ताटापुढे एक मुलगी उभी करा. लंडनला एमएला निघालीय, विषय कलेचा इतिहास. ताट तेच, पेढा तोच. फक्त काकूंचा कुंकवाचा हात मध्येच थबकतो.

"म्हणजे चित्रकलाच ना गं?"

नाही काकू.

"मग इतिहास?"

अगदी तसंही नाही.

"म्हणजे परत आल्यावर गाईड होणार?"

काकूंचा दोष नाही. आपल्याकडे चित्र काढणाऱ्याला निदान वेडा म्हणून तरी मान असतो. दुसऱ्याने काढलेल्या चित्राकडे नुसतं बघायचं, आणि ते बघणं शिकायला फी, घरभाडं, विमान धरून चाळीस-पंचेचाळीस लाख मोजायचे, हे मध्यमवर्गीय हिशेबात कुठल्या रकान्यात टाकायचं? तेवढ्यात टिटवाळ्याला वन बीएचके येतो. तोही बघता येतो, आणि भाड्यानेही देता येतो.

बरं, हा हिशेब फक्त डोंबिवलीच्या फडके रोडवरच मांडतात असंही नाही. २०१४ साली बराक ओबामा भर भाषणात म्हणून गेले की कारखान्यातलं हातचं कसब शिकलात तर कलेच्या इतिहासाच्या पदवीपेक्षा जास्त कमवाल. पुढे एका प्राध्यापक बाईंनी खरडपट्टी काढली तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या हाताने माफीचं पत्र लिहिलं. डोंबिवलीत अजून कुठल्या काकांनी लिहिलेलं ऐकिवात नाही. इंग्लंडचे युवराज विल्यम सेंट अँड्र्यूजला गेले ते कलेचा इतिहास शिकायला, आणि मध्येच विषय बदलून भूगोलाकडे वळले. ज्याची नोकरी जन्माआधीच पक्की होती त्यालाही धीर धरवला नाही. त्यांच्या होणाऱ्या बायकोने मात्र तोच विषय नेटाने पुरा केला. सासर कसं मिळालं ते जगाने पाहिलं, पण हा दाखला डोंबिवलीतल्या आईला देऊ नये, ती दुसऱ्याच अंगाने विचार करायला लागते.

आणि स्कोप नाही म्हणणाऱ्यांसाठी अँथनी ब्लंट. लंडनच्या कोर्टाल्ड इन्स्टिट्यूटचा संचालक, राणीच्या चित्रसंग्रहाचा अधिकृत देखरेखदार आणि फावल्या वेळात रशियाचा हेर. १९७९ मध्ये भांडं फुटलं. एका माणसाच्या तीन नोकऱ्या. एवढा स्कोप आयटीत तरी आहे का?

असो. मुलगी हट्टाला पेटली आणि ऑफर लेटर आलं की खरी कला सुरू होते ती बँकेत. फीचा उरलेला भाग आणि लंडनमध्ये राहायचे महिना दीड हजार पौंडांच्या आसपास, तेही नऊ महिन्यांचे, आपल्याकडे आहेत हे ब्रिटिश सरकारला दाखवावं लागतं. आणि ते पैसे खात्यात सलग २८ दिवस पडून असले पाहिजेत. शैक्षणिक कर्ज मंजूर झालेलं असेल तर हा सोपस्कार चुकतो, पण कर्ज देणारा साहेब आधी कोर्सचं नाव वाचतो, मग चष्मा काढतो, मग मुलीकडे न बघता वडिलांकडे बघतो. शेवटी घरचेच पैसे गोळा होतात. खातं मुलीचं किंवा आईवडिलांचं चालतं, काकाचं चालत नाही. म्हणून काकांची एफडी मोडते, मामा पीएफमधून काढतो, आत्या "सोन्यासाठी ठेवले होते हो" असं तीनदा म्हणून देते, आणि सगळे बाबांच्या खात्यात येऊन बसतात. मग ते २८ दिवस. बाबा रोज सकाळी चहाआधी ॲप उघडून बॅलन्स बघतात. मेंटेनन्सचा चेक थांबवलेला. या महिन्यात कोणी आजारी पडायचं नाही. बाविसाव्या दिवशी काका सहज फोन करून "बाकी काही नाही, सहजच" म्हणतात. बाबांच्या घशाला कोरड पडते. आयुष्यात एकदाच इतका श्रीमंत झालेला माणूस इतका घाबरलेला मी दुसरा पाहिला नाही.

एवढं सगळं करून ती तिथे शिकणार काय? लंडनच्या सोआस विद्यापीठात भारतीय मंदिरांवरचा एखादा पेपर घेतला, तर पडद्यावर कधी ना कधी येणार अंबरनाथ. म्हणजे डोंबिवलीहून पाचवं स्टेशन. कर्जत स्लो पकडली तर अर्ध्या तासाच्या आत.

इथे काकूंचं दुसरं वाक्य ठरलेलं आहे. "मग तिकडे कशाला जायचं? रविवारी जाऊन या की."

चला, जाऊ. वालधुनी नदीच्या काठी काळ्या दगडाचं शिवालय. दाराच्या तुळईवर शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, उत्तर कोकणचा शिलाहार राजा मुम्मुणी. बांधणी भूमिज. शिखराच्या अंगावर छोटी छोटी शिखरं माळेसारखी एकावर एक चढवत नेलेली. सिन्नरच्या गोंदेश्वराचं शिखर धड आहे, तिथे ही माळ टोकापर्यंत दिसते. अंबरनाथचं वरून ढासळलंय, म्हणून पायऱ्या उतरून खालच्या गाभाऱ्यात गेलं की डोक्यावर छत सापडत नाही, थेट आभाळ. बाहेरची भिंत सरळ नाही. ती सारखी कोन करत, आतबाहेर होत वळते. त्यामुळे सकाळी साडेआठला उन्हात असलेली बाई साडेनऊला सावलीत जाते आणि शेजारचा देव पुढे येतो. शिल्प्याने घड्याळ लावून ठेवलंय. ते बघायला तासभर एका जागी उभं राहावं लागतं, आणि तासभर एका जागी उभं राहायची सवय आपल्याला फक्त डोंबिवली ते सीएसएमटी एवढीच.

त्या भिंतीशी उभं राहून येणाऱ्यांचं बोलणं ऐकावं. जितक्या बाया तितक्या अप्सरा. जितके पुरुष तितके शंकर. आणि बांधलं कोणी? पांडवांनी, एका रात्रीत. राजाचं नाव, साल, तिथी दगडात कोरलेली असताना श्रेय पांडवांना. पण हे समजण्यासारखं आहे. एका रात्रीत इमारत उभी राहते यावर जगात कोणाचा विश्वास बसला नाही तरी कल्याण-डोंबिवलीकराचा बसणारच. त्याने मजले चढताना डोळ्यांनी पाहिलेत.

आता हेच मंदिर नीट कोणी पाहिलं, तर १८६८ साली मुंबई सरकारने जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या मास्तर-विद्यार्थ्यांकडून इथली रेखाटनं करून घेतली, मूर्तींचे साचे काढले, फोटो काढले. काचेवर फोटो काढायचा तो जमाना. त्यातल्या फोटोंमध्ये आज झिजलेलं, फुटलेलं, शेंदूर फासलेलं बरंच काही शाबूत दिसतं. आणि हे फोटो बघायचे कुठे, तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत. म्हणजे दगड अंबरनाथला आणि त्याचं दीडशे वर्षांपूर्वीचं रूप लंडनला. काकू, म्हणून जायचं.

ठाण्याचंही तेच. १७८७ साली किल्ल्यात पाया खणताना ताम्रपट निघाला, शिलाहार अरिकेसरीचा, शके ९३९ चा. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेसच्या पहिल्यावहिल्या खंडात तो छापून आला. भारताच्या जुन्या वस्तूंचा अभ्यास छापायला लागले तेव्हा ठाणे पहिल्या पंगतीत होतं. आज ठाण्यात खणायला घेतलेल्या पायांची गणती नाही. निघतं काय, तर ब्रोशर.

इथे कोणीच काही करत नाही, असं म्हणायची सोय मात्र नाही. ठाण्यात विजय बेडेकरांची प्राच्यविद्या अभ्यास संस्था आहे. सदाशिव टेटविलकरांनी गावोगाव फिरून वीरगळ नोंदले. कुमुद कानिटकरांनी अंबरनाथच्या शिवालयावर पुस्तक लिहिलं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, केमिकलच्या वासात, भाऊ साठ्यांचं शिल्पालय आहे. गेटवेसमोरचे घोड्यावरचे शिवाजी महाराज ज्यांनी घडवले ते साठे कल्याणात वाढलेले. महाराजांसोबत सेल्फी न काढलेला डोंबिवलीकर विरळा, शिल्पालयाची पायरी चढलेला त्याहून विरळा. पण या विषयावरच्या व्याख्यानाला गेलात तर समोरच्या खुर्च्या बघा. सगळी डोकी पांढरी. दगडाकडे बघायची परवानगी आपल्याकडे पेन्शन सुरू झाल्यावर मिळते. आधी नोकरी, मग फ्लॅट, मग दुसरा फ्लॅट, मग मुलं, मग गुडघे, आणि मग मंदिराच्या पायऱ्या. त्या मुलीचा गुन्हा एवढाच की तिने हे सगळं बाविसाव्या वर्षी, गुडघे धड असताना करायचं ठरवलं.

तरी तिचं बरं, तिच्याकडे मोडायला काकांची एफडी आहे. ज्यांच्याकडे काका आहे पण एफडी नाही त्यांचं काय? जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून उसनी शिष्यवृत्ती देतंय. चार्ल्स वॉलेस नावाच्या, कलकत्त्यात धंदा करून गबर झालेल्या साहेबाच्या नावाचा ट्रस्ट कलेच्या लोकांना विलायतेला नेतो. आपलाच पैसा, व्याजासकट म्हणू. आणि सरकार? केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्यांसाठी. उत्तम योजना. २०२२ च्या फेब्रुवारीत तिच्या नियमांत एक ओळ आली. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतासंबंधीचा सामाजिक अभ्यास, या विषयांना परदेशी शिकायला पैसे मिळणार नाहीत. कारण काय, तर हे शिकायची सोय देशातच भरपूर आहे.

ही ओळ पुन्हा वाचा. योजना पारंपरिक कारागिराच्या मुलासाठी. त्याच्या बापजाद्यांनी दगड घडवला, तांबं ठोकलं, कापड विणलं. त्याच्या पोराने लंडनला जाऊन मायकेलअँजेलोच्या छिन्नीवर प्रबंध लिहायचा म्हटला तर ही ओळ आड येत नाही. आजोबांच्या छिन्नीवर म्हटला, की फाईल परत. डोंबिवलीच्या काकू आणि दिल्लीचं मंत्रालय यांचं इतक्या दुरून इतकं तंतोतंत जमेल असं वाटलं नव्हतं. रविवारी जाऊन या की!

आणि ज्या राज्याला या विषयाचं कामच पडत नाही असं आपण समजतो, त्याचे गेल्या काही वर्षांतले उद्योग बघा. मंत्री लंडनला गेले, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी करार झाला, २०२४ च्या जुलैत वाघनखं साताऱ्यात आली. तीन वर्षांच्या बोलीवर. ती महाराजांनी वापरलेलीच का, याची खात्री देता येत नाही, असं खुद्द म्युझियमचं म्हणणं. त्यावर इथे महिनोन्‌महिने रण पेटलं. चॅनेलवर चार चौकटी, चौकटीत चार प्रवक्ते, चौघांचा घसा बसेपर्यंत. वस्तू कोणाच्या हातून कोणाकडे गेली, ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफकडे कशी आली, धातू काय सांगतो, घडण कुठली, हे कागद आणि वस्तू समोरासमोर ठेवून वाचणारं माणूस लागतं, आणि ते माणूस नेमकं याच विषयात तयार होतं, हे त्या चार चौकटींपैकी एकीलाही सुचलं नाही.

मग २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार. लंडनच्या लिलावात राज्य सरकारने घेतली, ४७ लाख १५ हजारांना. चांगलं झालं, घरची वस्तू घरी आली. आकडा मात्र ओळखीचा वाटला. बाबांच्या खात्यात २८ दिवस बसलेला जवळजवळ हाच. तलवार १८ ऑगस्टला मुंबईत उतरली तर वाजतगाजत स्वागत. बरोबरच आहे, तलवारीला कोणी स्कोप विचारत नाही.

मुलगी वर्षभराने उतरेल तेव्हा पहाटेचे चार असतील आणि बाबा प्रीपेड टॅक्सीच्या रांगेत असतील. घरी आल्यावर ती सरकारी संग्रहालयात कुठे जागा निघते का बघेल. निघालीच तर अर्ज भरेल. लंडनची पदवी, प्रबंध, ब्रिटिश लायब्ररीतल्या अंबरनाथच्या फोटोंवर केलेलं काम, सगळं जोडेल. खिडकीपलीकडचे गृहस्थ कागद एकेक करून उलटवतील, शेवटच्या पानापर्यंत जातील, पुन्हा पहिल्यावर येतील आणि मान वर न करता विचारतील, "मॅडम, एमएस-सीआयटी झालंय का?"