संस्काराला पैकीच्या पैकी

लहान मुलांच्या कवितासंग्रहाचं परीक्षण वाचायला घेतलं की माझा पारा चढतो. चित्रं सुरेख, छपाई सुबक, कविता संस्कारक्षम, घरोघरी असावा असा संग्रह. झालं परीक्षण! यमक आपसूक आलंय की मानगूट धरून आणलंय, ओळ मुलाच्या तोंडात बसते की अडखळते, मात्रा भरायला किती ठिकाणी ‘छान छान’ आणि ‘गोड गोड’ कोंबलंय, यावर अवाक्षर नाही. मोठ्यांच्या कवितेवर कुणी असं लिहिलं तर संपादक लेख साभार परत करील.

विंदा करंदीकरांचंच घ्या. ‘स्वेदगंगा’पासून (1949) ‘अष्टदर्शने’पर्यंत (2003) त्यांच्यावर भरभरून लिहिलं गेलं. ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’, ‘अजबखाना’ मात्र लेखाच्या शेपटाला येतात, ‘शिवाय बालकविताही लिहिल्या’ एवढ्यापुरती. अहो, उलट्या तर्काचा अख्खा देश उभा करायचा आणि तो उलटेपणा शेवटपर्यंत चोख पाळायचा, ही काय फावल्या वेळेची करामत आहे? नियम जरा ढिला पडला की गंमत संपते, आणि ते पाच वर्षांच्या पोराला सर्वांत आधी कळतं. बंगाली माणसाला सुकुमार राय यांचा ‘आबोल ताबोल’ (1923) थोर काव्यात मोजायला लाज वाटत नाही. आपल्यालाच का वाटते?

आमच्या सांताक्रूझमध्ये तर सबब सांगायला जागाच नाही. पूर्वेला कालिन्यात मुंबई विद्यापीठाचं रानडे भवन आहे आणि तिथे मराठी विभाग आहे. पश्चिमेला साने गुरुजी आरोग्य मंदिर, म्हणजे शाहीर लीलाधर हेगडे यांची कर्मभूमी. बालसाहित्यातल्या एकूण कामासाठी साहित्य अकादमीने 2015 साली त्यांचा गौरव केला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात तयार झालेला हा गळा. अशा माणसाचं लेखन नुसतं डोळ्यांनी वाचून कसं जोखणार? ते म्हणून बघावं लागतं, मुलांच्या घोळक्यात.

अलीकडे अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार कवितेलाही मिळाला: एकनाथ आव्हाड यांच्या ‘छंद देई आनंद’ला 2023 मध्ये आणि सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ला 2025 मध्ये. हार-तुरे झाले, छान झालं. आता या कवींना खरा वाचकही द्या, जो त्यांची लय तपासील, फसलेली ओळ दाखवील आणि साधलेली ओळ का साधली तेही सांगेल. नुसत्या कौतुकावर सोडून देणं हा कवीचा अपमानच आहे.

माझी मागणी साधी आहे. कालिन्यात एम. ए.ला बालकवितेचा पूर्ण पेपर ठेवा. विद्यार्थ्यांना वाकोल्याच्या बालवाड्यांत पाठवा. तिथे एक कविता म्हणायची, आठवड्याने परत जायचं आणि मुलांच्या तोंडी तिचं काय झालंय ते टिपायचं. कुठला शब्द पोरांनी गिळला, कुठला लांबवला, कुठली ओळ खेळताना आपसूक बाहेर आली? वृत्तात खोट असेल तिथे मुलं बरोबर शब्द बदलतात; व्याकरण शिकण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या टाळीला मात्रा कळलेल्या असतात. परीक्षा तोंडी घ्या. आधी कविता खणखणीत म्हणून दाखवायची आणि मगच तिच्यावर बोलायचं. पहिलं पुस्तक ‘एटू लोकांचा देश’ लावा, आणि येत्या जूनपासूनच.