भुईकाट्यावर कॅमेरा

नवा कॅमेरा घरात आला की पहिले आठ दिवस घरच्यांचे हाल होतात. खिडकीतली तुळस, पोळ्या लाटणारे हात, पेपर वाचणारे आजोबा आणि सोफ्यावरचे मांजर एवढे विषय संपले की यंत्राचा मालक ‘जरा बाहेर जाऊन बघायला हवं’ असे म्हणू लागतो, आणि घर सुटकेचा निःश्वास टाकते. या रीतीला जुनी परंपरा आहे. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा त्यांनीही आधी बंगल्याच्या आवारात खेळणारी मुले टिपून यंत्र चालते का ते पाहिले. मग कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करून जेमतेम मिनिटभराचा ‘अंकुराची वाढ’ तयार केला. तो पाहून भांडवल देणारा भेटला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या मिनिटभराच्या चित्रासाठी फाळक्यांना कुंडीपासून हलावे लागले नव्हते. आजच्या कॅमेरेवाल्याजवळ तेवढा धीर नसतो, म्हणून तो लासलगावला जातो.

नाशिकहून निफाड, विंचूर करत लासलगाव गाठणारी एसटी ही चाचणीची पहिली पायरी. हात हलला तरी चित्र हलणार नाही, अशी सोय नव्या लेन्समध्ये असते. मात्र ती हातासाठी केलेली असते, एसटीच्या मागच्या सीटसाठी नव्हे. खिडकीतून द्राक्षबागांचे जे चाळीस फोटो निघतात, त्यांत द्राक्षे कुठली आणि खिडकीची दांडी कुठली हे सांगता येत नाही. पिशवीतून डोकावणारे ट्रायपॉडचे तीन पाय पाहून शेजारचे आजोबा हमखास विचारतात, “मोजणीवाले का?”

हा प्रश्न पुढे दिवसभर पाठ सोडत नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर चढवून बाजारपेठेत उभा केला की दुकानदार ओट्यावरून उतरून येतो आणि रस्ता नक्की किती रुंद होणार, ओटा वाचेल ना, याची चौकशी करतो. कॅमेरा खांद्यावर घ्यावा, तर तोच माणूस चॅनलवाला ठरतो. तिसरी शक्यता, म्हणजे हा गृहस्थ स्वतःचे पैसे घालून नुसते बघायला आला आहे, ही कोणालाच पटत नाही.

चॅनलवाला ठरण्याला कारण आहे. लासलगावची बाजार समिती १९४७ सालची, आणि कांद्याची आशियातली सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून तिचे नाव घेतले जाते. भाव चढला की शहरातले कॅमेरे इथे येतात, पडला की पुन्हा येतात. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातबंदीच आली, दोन्ही वेळा ते आलेच. त्यामुळे कॅमेरा दिसला की ट्रॉलीवरचा शेतकरी तयारीनेच बोलू लागतो. “लिहून घ्या साहेब, मजुरीसुद्धा निघत नाही.” कॅमेरा नवा आहे, फक्त तपासायला आणला आहे, असे सांगितले की तो क्षणभर गप्प होतो आणि विचारतो, “मग बिघडलाय का?”

लिलाव हा चाचणीचा मुख्य भाग. ट्रॅक्टर आणि पिकअप रांगेने उभे असतात, आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकत जातो. व्यापारी ढिगात हात घालून दोन कांदे उचलतो, मान दाबतो, अंगठ्याने चोळून पत्ती बघतो, रंग आणि आकार नजरेने मोजतो आणि बोली पुकारतो. डबल पत्तीचा, सुकलेला, गोल माल असेल तर पुकारा चढत जातो. बारीक गोल्टी असेल तर आवाजही बारीक होतो. कित्येक क्विंटलांचा निकाल डोळ्यांदेखत लागतो. तेवढ्या वेळात कॅमेरेवाल्याला मेनूतले योग्य पान सापडलेले नसते.

पान सापडले तरी रंगाचा घोटाळा होतो. कॅमेऱ्यातली आपोआप रंग जुळवणारी यंत्रणा समोर एकच रंग जास्त दिसला की तो उजेडाचा दोष मानते आणि कमी करते. वाटीतल्या बिटावर ते खपून जाते. इथे नजर पोचेल तिथवर गुलाबी-तांबूस ढीग असतात. त्यांच्यातली लाली ती पोलीस खात्याच्या निष्ठेने उतरवते आणि पडद्यावर मातकट, फिकट माल दिसू लागतो. ज्याचा तो माल असतो, त्याने हे पाहू नये हे उत्तम.

तो पाहतोच. मोठ्या छिद्राच्या लेन्सने जवळून फोटो काढला, की एखादाच कांदा लख्ख दिसतो आणि मागचे-पुढचे सगळे विरघळून जाते. या विरघळण्यासाठीच लेन्सचे निम्मे पैसे मोजलेले असतात. शेतकरी पडद्यावर वाकतो, हाताचा आडोसा करून बघतो आणि म्हणतो, “एकच कांदा दिसतोय. बाकीची ट्रॉली धुरात गेली. असा फोटो बघून भाव कोण देईल?” छायाचित्रणाच्या पुस्तकांत या आक्षेपाला उत्तर नाही.

शटरचा वेग तपासायला व्यापाऱ्याच्या खळ्यावर जावे. तिथे ट्रॉली उलटते आणि कांदे धो धो खाली येतात. मीटरभर खाली आलेल्या कांद्याचा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास असतो. साठांश सेकंदाला शटर उघडे ठेवले तर तेवढ्यात तो सात सेंटिमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या जाडीइतका, आणि फोटोत तो गाजरासारखा दिसतो. हजारांश सेकंदाला सरकणे साडेचार मिलिमीटरवर येते आणि गाजराचा पुन्हा कांदा होतो. दिवसभरातली एवढी एक चाचणी निर्विवाद यशस्वी होते. त्या आनंदात तिथेच लेन्स बदलली जाते. खळ्यावर हवेत धूळ कमी आणि कांद्याची पत्ती जास्त असते. त्यातला एक बारीक तुकडा उघड्या कॅमेऱ्यात शिरतो आणि पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात उजवीकडे तरंगत राहतो. पुस्तकात सेन्सरवर फुंकर मारू नये असे लिहिलेले असते. ते पान घरी असते.

भुईकाट्यावरचा प्रसंग थोडक्यात सांगण्यासारखा नाही. कॅमेरा, दोन लेन्स, ट्रायपॉड आणि बॅटऱ्या यांच्या ओझ्याने सकाळपासून खांदा उतरलेला असतो. ट्रॅक्टर निघून गेल्यावर कोणीतरी गमतीने सुचवते, ठेवा तुमचा माल पण काट्यावर. बॅग ठेवली जाते. ट्रॅक्टर-ट्रॉली तोलणारा हा काटा किलो-किलोच्या भानगडीत पडत नाही, त्याचा आकडा मोठ्या टप्प्यांनी बदलतो. तो शून्यावरून हलत नाही. बॅग पुढे ढकलून पाहिली जाते. शून्य. काट्यावरचा माणूस गंभीरपणे खिडकीतून मान बाहेर काढतो. “माल भरलाच नाही का अजून?”

लासलगावातच ‘कृषक’ हे केंद्र आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या या केंद्रात २००२ पासून कोबाल्टच्या गॅमा किरणांची हलकी मात्रा देऊन कांद्याला कोंब फुटणे थांबवतात. अमेरिकेला जाणारा आंबाही २००७ साली इथूनच किरणे खाऊन गेला. जिल्ह्याच्या एका टोकाला जन्मलेल्या माणसाने अंकुर फुटताना टिपून नाव कमावले आणि दुसऱ्या टोकाला अंकुर फुटू नये म्हणून कारखाना निघाला, ही गोष्ट कॅमेरेवाल्याला भिंतीबाहेर उभे असताना सुचते. गॅमा किरण फोटोत येत नसल्याने तो भिंतीचाच फोटो काढतो.

लांब पल्ल्याच्या लेन्ससाठी याच निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वर आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे हे पाणी २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. परदेशी पक्षी तिथे हिवाळ्यात उतरतात. उन्हाळ कांद्याचा हंगाम गाठून आलेल्या माणसाला मे महिन्यात म्हशी मिळतात, आणि म्हशीच्या पाठीवर बगळा.

परतताना फाळक्यांची आठवण ठेवून एक टपोरा कांदा सोबत आणला जातो आणि बशीत घालून खिडकीशी ठेवला जातो. ट्रायपॉड समोर रोवला जातो, रोज सकाळी सात वाजता एक चित्र. इथे एक तांत्रिक चूक होते. वाटाणा चार-आठ दिवसांत डोके वर काढतो. उन्हाळ कांदा नीट सुकवून चाळीत भरला तर महिनोन्‌महिने झोपून राहतो, त्याची किंमत मुळी त्यासाठीच असते. पहिली तेवीस चित्रे हुबेहूब सारखी येतात. चोविसाव्या दिवशी थोरल्या मुलीला पाहायला मंडळी येतात आणि घरात ऐनवेळी कांदा कमी पडतो. सेकंदाला चोवीस चित्रे या हिशेबाने चित्रपट बरोबर एका सेकंदाचा होतो. शेवटच्या चित्रात बशी आहे आणि बशीत पत्ती.