यवतमाळातील किरायाचे घर : मे महिन्याच्या संदर्भात एक विवेचन

शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन करणारा जो अधिनियम महाराष्ट्राने २००५ साली केला, त्यात सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात, कराव्यात असे म्हटले आहे. मुलांची शाळा मध्येच सुटू नये असा त्यामागील हेतू असावा आणि तो स्तुत्यच आहे. परंतु मसुदाकाराने मे महिन्यातील यवतमाळ पाहिले नसावे, अशी शंका घेण्यास वाव राहतो. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्याच्या मुख्यालयी रुजू होणारा लिपिक घर शोधण्यासाठी नेमका अशा दिवसांत बाहेर पडतो, जेव्हा पारा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळत असतो आणि निळोणा व चापडोह या, शहराची तहान ज्यांच्यावर सोपवलेली आहे त्या धरणांनी तळ दाखवायला सुरुवात केलेली असते.

अर्थात घर पारखण्यासाठी याहून उत्तम ऋतू नाही, कारण जानेवारीत कोणतेही घर थंड आणि कोणताही नळ सज्जन वाटतो. घरमालकांनाही हे ठाऊक असल्यामुळे मे महिन्यात घर दाखविण्याचा मुहूर्त सकाळी सातचा असतो. किरायाने दिला जातो तो बहुधा ‘वरचा माळा’, म्हणजे स्वतः तळमजल्यावर राहणाऱ्या मालकाने कर्जाचे हप्ते फेडण्याच्या उद्देशाने चढविलेला मजला. त्याचा स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री ते किरायेदाराला परत करतो. यावरील सर्वमान्य उपाय कूलर हा होय. पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या, आत पंखा आणि पाणी खेळविणारा पंप अशी त्याची रचना असून, तो वीज आणि पाणी दोन्ही खातो, त्यामुळे मालक व किरायेदार यांच्यातील दोन स्वतंत्र वाद एकाच खिडकीत एकत्र येतात. विजेचा वाद सबमीटर बसवून मिटतो. पाण्यासाठी असा मीटर बसवला जात नाही. तेथे तळमजल्यावरून वर पाहणारी नजर पुरते.

पाण्याच्या प्रश्नावर थोडे थांबणे आवश्यक आहे. २०१७ चा पावसाळा कोरडा गेल्यानंतर २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी जी टंचाई सोसली, तिच्यापासून येथील चाणाक्ष किरायेदार स्वयंपाकघर पाहण्याआधी बोअर पाहतो. “पाण्याचा काही त्रास नाही” हे विधान मालक पूर्ण प्रामाणिकपणे करतो, कारण त्याला स्वतःला तो नसतो. बेंबळा प्रकल्पावरून पाणी आणण्याच्या योजनेचे काम सुरू असताना तर जलवाहिनीत पाणी येण्याआधीच ते किरायाच्या आकड्यात येऊन पोहोचले होते.

लोहारा, वाघापूर, उमरसरा, वडगाव ही एके काळची स्वतंत्र गावे आता शहराशी एकजीव झाली आहेत आणि त्यांच्या शेतांतून ‘ले-आउट’, म्हणजे शेतजमीन अकृषक करून पाडलेल्या भूखंडांच्या वसाहती, उभ्या राहिल्या आहेत. येथील प्रत्येक घर दत्त चौकापासून पाच मिनिटांवर असते. ही मिनिटे मालकाच्या मोटारसायकलची असतात.

घर मात्र क्वचितच नापास होते. तोंडी परीक्षा होते ती येणाऱ्याची. “कोनत्या ऑफिसात हाय जी? घरी किती जन?” येथवर सर्व सरळ असते. त्यानंतर मूळ गाव विचारले जाते, मग त्या गावातील पाहुणे, मग पूर्ण आडनाव. हा सगळा भूगोल ज्या एका गोष्टीसाठी चाललेला असतो ती थेट विचारण्याचा असभ्यपणा कोणी करीत नाही. उत्तर गैरसोयीचे निघाल्यास घर आदल्याच दिवशी दिले गेल्याचे मालकाला आठवते. “आमचं काही नाही, पन शेजारचे लोक...” या वाक्यातील शेजारी महाराष्ट्रातील सर्वांत सनातनी माणूस ठरावा, तो कोणालाच कधी प्रत्यक्ष भेटलेला नाही. अविवाहितांची स्थिती तर याहून बिकट आहे. येथे १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने तरुण डॉक्टरांची वाण नाही. पण मध्यरात्री ज्याच्या हाती आपला जीव निःशंकपणे सोपवला, त्याच्या हाती जिन्याची किल्ली देताना “फक्त फॅमिलीसाठी” ही पाटी आडवी येते.

जुना काळ यापेक्षा सरळ होता असे मात्र म्हणवत नाही. मध्यप्रांत व वऱ्हाडात १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशानुसार, तो लागू असलेल्या शहरांत, रिकाम्या झालेल्या घराची वर्दी मालकाने उपायुक्तांना द्यावयाची होती आणि उपायुक्त ते घर सरकारी नोकराला देववू शकत होते. हा आदेश १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने इतिहासजमा केला. एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, या १९०८ च्या नोंदणी कायद्यातील तरतुदीला बगल देण्यासाठी रूढ झालेले ‘अकरा महिने’ मात्र अद्याप जिवंत आहेत. वास्तविक नव्या अधिनियमाच्या कलम ५५ ने कराराची नोंदणी, मुदत कितीही असो, आवश्यक ठरवली असून ती जबाबदारी मालकावर टाकली आहे व कसुरीसाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड वा दोन्ही सांगितले आहेत. तरीही दोन्ही पक्ष स्टॅम्पपेपरवर अकरा महिने लिहून निर्धास्त होतात, आणि बाराव्या महिन्यात ते कोणालाच आठवत नाही.

राहतो तो पोलीस ठाण्यात द्यावयाचा किरायेदाराच्या माहितीचा अर्ज. त्यात ओळखणाऱ्या स्थानिक व्यक्तींची नावे विचारली, की कालच शहरात आलेला किरायेदार थोडा विचार करून पहिल्या ओळीत घरमालकाचे नाव लिहितो, आणि दुसऱ्या ओळीत त्याच्या पत्नीचे.